आधी पडद्याचं माप

ईदच्या दुसऱ्या दिवशी भाचा घरी आला. शीरखुर्म्याची वाटी हातात घेण्याआधीच त्याने मोबाईल पुढे केला. "मामू, ये देखो. चार जीबी का ग्राफिक कार्ड, साडेतीन हजार में. नया, सीलबंद."

फोटोत जीटी ७३० होतं. खोक्यावर '४ जीबी' हे आकडे कार्डाच्या नावापेक्षा मोठे छापलेले. भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुन्या नाशकातल्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात तो संध्याकाळी काम करतो. वर्षभराची ती कमाई आणि दोन्ही ईदांची ईदी मिळून त्याच्याकडे सात हजार दोनशे रुपये जमले होते. घरी एका ऑफिसातून निघालेला, चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हचा कॉम्प्युटर आहे. त्याला जोडलेला मॉनिटर साडेअठरा इंची, तोही जुनाच. त्यावर त्याला मित्रांबरोबर व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक खेळायचं होतं.

स्वयंपाकघरातून बहीण म्हणाली, "भाई, तुम बोलोगे तोच लेने दूँगी." तिच्या डोक्यात पुढच्या सेमिस्टरची फी होती. साडेतीन हजार ही तिच्या घरात लहान रक्कम नाही.

मी लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. २३ वर्षांपूर्वी असाच एक फोटो मीही कुणाला तरी दाखवला होता. फरक एवढाच की तो मोबाईलवर नव्हता, इंग्रजी मासिकातून कापून घेतला होता.

ग्राफिक कार्डाचा इतिहास तुम्ही कुठेही वाचा, तो बहुधा नव्या कार्डांचा असतो. अमुक साली अमुक कंपनीने अमुक कार्ड आणलं, ते आधीच्या कार्डाच्या दुप्पट वेगाचं होतं, असा. आमच्या मोहल्ल्यात ती कार्डं त्या सालात कधी पोहोचलीच नाहीत. पोहोचली ती चार-पाच वर्षांनी, दुसऱ्या-तिसऱ्या हातातून, जुन्या मॉनिटरला जोडायला. त्या बाजूचा इतिहास कुणी लिहीत नाही, म्हणून जेवढा मी पाहिला तेवढा इथे मांडतो. भाच्याचा प्रश्न सुटला तो त्याच इतिहासामुळे.

सहाशे चाळीस गुणिले चारशे ऐंशी

सुरुवात पडद्यापासून करू. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं चित्र बारीक चौकोनी ठिपक्यांचं असतं. त्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. १९८७ मध्ये आयबीएमने व्हीजीए नावाची पद्धत आणली. तिच्यात आडवे ६४० आणि उभे ४८० ठिपके होते, म्हणजे एकूण ३,०७,२००. पण एवढ्या ठिपक्यांत रंग फक्त १६ मिळत. २५६ रंग हवे असतील तर ३२० गुणिले २०० वर उतरावं लागे. १९९६ चा 'क्वेक' हा गेम बहुतेकांनी पहिल्यांदा पाहिला तो याच ३२० गुणिले २०० च्या जाडजूड ठिपक्यांत. तेव्हा सगळं चित्र प्रोसेसरच काढत असे.

त्याच १९९६ साली थ्रीडीएफएक्स या अमेरिकी कंपनीचं 'व्हूडू' कार्ड आलं. त्यावर ४ एमबी मेमरी होती. ते फक्त त्रिमितीय चित्र काढायचं. रोजच्या कामाला दुसरं साधं कार्ड लागायचंच, आणि दोन्ही कार्डांना बाहेरून एका वायरने जोडावं लागायचं. एवढा खटाटोप करून चित्र मिळे ते ६४० गुणिले ४८० चं, पण गुळगुळीत. पुढे १९९९ मध्ये एनव्हिडियाचं जीफोर्स २५६ आलं. 'जीपीयू' हा शब्द बाजारात रुळला तो या कार्डाच्या जाहिरातीमुळे. २००० च्या डिसेंबरात थ्रीडीएफएक्सने आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकायला काढली. म्हणजे ज्या कंपनीने हा धंदा उभा केला, ती चार-पाच वर्षांतच संपली.

नाशकात आम्हाला यातलं काही कळत नव्हतं. शालिमारच्या बाजूला एक सायबर कॅफे होता. तिथे तासाला वीस रुपये देऊन आम्ही चार मित्र काउंटर-स्ट्राइक खेळायचो. दोन मशीन चांगली होती. ती दोन कोपऱ्यात होती आणि तिथे बसायला नंबर लावावा लागे. त्या दोन मशीनमध्ये काय वेगळं आहे, असं एकदा कॅफेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "कार्ड आहे आत." एवढंच. त्या दिवसापासून 'कार्ड' हा शब्द माझ्या डोक्यात बसला.

नाप लिया था?

अब्बा टेलर होते. भद्रकालीत त्यांचं छोटं दुकान होतं, दोन मशिनी आणि एक इस्त्रीचं टेबल. २००३ मध्ये त्यांनी मला असेंबल केलेला कॉम्प्युटर घेऊन दिला. सेलेरॉन प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, १५ इंची काचेचा मॉनिटर. त्याच वर्षी मे महिन्यात 'व्हाइस सिटी' कॉम्प्युटरवर आला होता. आमच्या मशीनवर तो चालायचा, पण रांगत. मी अब्बांच्या मागे लागलो. अभ्यासाला लागतं, असंही सांगितलं. ते खोटं होतं. भिशीचा नंबर लागला तेव्हा त्यांनी साडेतीन हजार रुपये मोजून माझ्या हातात ठेवले.

एका सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस पकडली. दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड, आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी आजही सगळे त्याला लॅमिंग्टन रोडच म्हणतात. रेडिओच्या सुट्या भागांसाठी हा बाजार आधीपासून प्रसिद्ध होता, कॉम्प्युटर नंतर आले. नाशिकपेक्षा तिथे स्वस्त मिळतं, एवढंच मला माहीत होतं. मी मासिकातलं कात्रण दाखवलं. दुकानदाराने काहीही न विचारता खोकं काढून दिलं. जीफोर्स ४ एमएक्स ४४०, ६४ एमबी.

रात्री घरी येऊन कॅबिनेट उघडलं, तर कार्ड लावायला जागाच नव्हती. तेव्हाची ग्राफिक कार्डं एजीपी नावाच्या स्लॉटमध्ये बसत. माझ्या बोर्डावर इंटेलचा ८४५ जीएल चिपसेट होता. बोर्ड स्वस्तात बनावेत म्हणून असे चिपसेट निघाले होते. त्यांच्यात ग्राफिक्स बोर्डावरच दिलेलं असे आणि एजीपीची सोयच काढून टाकलेली असे. ज्या जागी तो तपकिरी स्लॉट असायला हवा होता, तिथे सपाट हिरवा बोर्ड होता.

दुकानदाराने फोनवर माल परत घ्यायला नकार दिला. बिलावर तसं छापलेलंच होतं. अब्बांना सांगायची हिंमत झाली नाही. ते दुकानातून येऊन विचारायचे, "चलता है वो कार्ड?" मी हो म्हणायचो. जवळपास तीन महिने हो म्हणत राहिलो. शेवटी कपाटात कपड्यांच्या खाली ते खोकं त्यांनाच सापडलं. तेव्हा सगळं सांगावं लागलं.

ते भयंकर चिडले. पैशांपेक्षा खोट्यावर जास्त. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी एकच गोष्ट विचारली. "लेने से पहले नाप लिया था?" मला आधी कळलंच नाही. मग म्हणाले, गिऱ्हाईक कापड घेऊन येतं तेव्हा मी आधी काय करतो? टेप काढतो. तू कॅबिनेट उघडून बघितलं होतंस?

नव्हतं बघितलं. ते कार्ड पुढे त्याच कॅफेवाल्याने अठराशेला घेतलं.

या गोष्टीला एक शेपूट आहे, जे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. कार्ड बसलं असतं, तरी माझी निम्मी फसगत झालीच असती. एमएक्स ४४० च्या नावात 'जीफोर्स ४' होतं, पण आतली बनावट जीफोर्स २ च्या घराण्यातली होती. जीफोर्स ३ पासून आलेले प्रोग्रॅमेबल शेडर तिच्यात नव्हते. म्हणून २००३ च्याच अखेरीस आलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' या कार्डावर चालत नसे, आणि नावाने जुन्या असलेल्या जीफोर्स ३ वर चालत असे.

पन्हा बघा

नावाचा हा खेळ तेव्हा सुरू झाला आणि अजून थांबलेला नाही. भाच्याने दाखवलेलं जीटी ७३० हे त्याचं उत्तम उदाहरण. २०१४ मध्ये आलेलं हे कार्ड एकाच नावाखाली वेगवेगळ्या तीन बनावटींत विकलं गेलं. एकात जुन्या फर्मी पिढीची चिप, बाकी दोघांत केप्लर पिढीची. त्या दोघांपैकी एकाला जीडीडीआर-५ मेमरी, तर दुसऱ्याला साधी डीडीआर-३. खोक्यावर मात्र सगळीकडे 'जीटी ७३०' आणि त्याच्या बाजूला जीबीचा मोठा आकडा.

अब्बांच्या दुकानात बसून मी एक गोष्ट शिकलो होतो. कापड किती मीटर आहे, एवढ्यावर शर्ट होईल की नाही ते ठरत नाही. पन्हा किती आहे तेही बघावं लागतं. ३६ इंच पन्ह्याचं अडीच मीटर आणि ५८ इंच पन्ह्याचं अडीच मीटर यांत जमीन-अस्मानाचा फरक. ग्राफिक कार्डाच्या मेमरीचंही तसंच आहे. जीबी म्हणजे लांबी. सेकंदाला किती माहिती त्या मेमरीतून ये-जा करू शकते, हा पन्हा. त्याला बँडविड्थ म्हणतात, आणि खोक्यावर तो आकडा सहसा ठळक नसतो.

डीडीआर-३ वालं, ६४ बिटचं जीटी ७३० सेकंदाला १४.४ जीबी माहिती हलवतं. त्याच वर्षी, म्हणजे २०१४ च्या फेब्रुवारीत आलेलं जीटीएक्स ७५० टीआय हलवतं ८६.४ जीबी. मेमरी मात्र बहुतेक ७५० टीआयवर २ जीबीच असे. म्हणजे ४ जीबीचं कार्ड २ जीबीच्या कार्डाच्या जवळपास सहा पटींनी अरुंद. २०१८ मध्ये जीटी १०३० च्या बाबतीत हेच पुन्हा झालं. आधीचं जीडीडीआर-५ वालं ४८ जीबी हलवत होतं. नंतर त्याच नावाने डीडीआर-४ वालं निघालं, ते १६.८ जीबी. नाव एक, माल दोन.

भारनियमनाची वर्षं

२००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्राने भारनियमनात काढली. ज्यांनी ती वर्षं नाशकात काढली त्यांना वेळापत्रक पाठ असेल. त्या काळात आमच्याकडे कॉम्प्युटर घेताना पहिला प्रश्न 'यूपीएसवर किती वेळ चालेल' हा असायचा. तिकडे परदेशी मासिकांत २००६ च्या जीफोर्स ८८०० जीटीएक्सची चर्चा होती. ते एकटं कार्ड दीडशे वॅटच्या पुढे वीज खायचं. आमच्या कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ५०० वॅट छापलेलं असायचं. त्यावर विश्वास ठेवून मोठं कार्ड लावलेल्या एका मित्राच्या एसएमपीएसचा धूर मी डोळ्यांनी पाहिला आहे.

म्हणून आमच्याकडची निवड एका साध्या नियमाने होऊ लागली: वेगळी वायर न लागणारं कार्ड. आताची कार्डं पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसतात. हा स्लॉट स्वतःहून जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. कार्डाची भूक त्याच्या आत असेल तर एसएमपीएसमधून वेगळी वायर ओढावी लागत नाही. ७५० टीआय ६० वॅटमध्ये भागवायचं. ऑफिसातून निघालेला कोणताही डबा घ्या, हे कार्ड खोचा, आणि खेळायला बसा. २०१६ चं १०५० टीआय आणि २०१९ चं १६५०, यांचीही बरीच मॉडेल ७५ वॅटच्या आत, वायरीशिवाय चालतात. मोठ्या शहरांतल्या समीक्षकांनी या कार्डांना 'सुरुवातीची' म्हटलं. इथल्या कित्येक घरांत तीच शेवटची ठरली.

चौदा इंच, साडेअठरा इंच, तोच आकडा

याच वर्षांत काचेचे मॉनिटर गेले आणि चपटे आले. त्यांच्याबरोबर १३६६ गुणिले ७६८ हा विचित्र आकडा आला. १०२४ गुणिले ७६८ हे जुनं माप होतं. उंची तीच ठेवून रुंदी १६:९ च्या प्रमाणात वाढवली की १३६५.३३ येतात. ते गोळाबेरीज करून १३६६. १४ इंची लॅपटॉप असो की साडेअठरा इंची मॉनिटर, स्वस्तातला असेल तर आकडा हाच. २०१२ मध्ये जगातल्या कॉम्प्युटरांवर सर्वांत जास्त आढळणारं रिझोल्यूशन हेच झालं होतं. आता गेमची सगळी चर्चा १०८० पी आणि फोर-के यांची असते. १३६६ वाल्यांसाठी कुणी तक्ते बनवत नाही. कमी रिझोल्यूशनवर चाचण्या होतात, पण त्या प्रोसेसर मोजायला, सोबत सर्वांत महागडं कार्ड लावून.

भाच्यासाठी मी कागदावर हिशेब मांडला. १३६६ गुणिले ७६८ म्हणजे १०,४९,०८८ ठिपके. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर सुमारे ६ कोटी २९ लाख ठिपके दर सेकंदाला रंगवायचे. १०८० पीला हाच आकडा १२ कोटी ४४ लाख होतो. फोर-केला जवळपास ५० कोटी. म्हणजे त्याचा पडदा फोर-केच्या आठव्या हिश्श्याचं काम मागतो. एवढ्या कामाला लहान कार्ड पुरतं.

पण या हिशेबाला दोन अपवाद आहेत आणि तिथेच लोक चुकतात. पहिला अपवाद प्रोसेसरचा. शत्रू कुठे पळाला, गोळी कुणाला लागली, भिंत कुठे आहे, हे प्रोसेसर ठरवतो. पडदा लहान झाला म्हणून ते काम कमी होत नाही. जुन्या आय-फाइव्हला महागडं कार्ड लावून १३६६ वर खेळलात, तर कार्ड निम्मा वेळ प्रोसेसरची वाट बघत बसतं. दुसरा अपवाद मेमरीचा. भिंतीवरचं नक्षीकाम, कपड्यांचा पोत, ही चित्रं मेमरीत ठेवावीच लागतात, पडदा केवढाही असो. म्हणून नव्या गेमना लहान पडद्यावरही २ जीबी अपुरी पडू लागली आहे. लांबी हवीच, फक्त पन्ह्यासकट हवी.

कमी रिझोल्यूशन ही गरिबीची खूण आहे, असं भाच्याला वाटत होतं. काउंटर-स्ट्राइकच्या जागतिक स्पर्धांत खेळणारे कित्येक खेळाडू महागड्या मशीनवर मुद्दाम १२८० गुणिले ९६० वर खेळतात, हे त्याला सांगितलं. त्याने मोबाईलवर शोधून खात्री केली आणि गप्प बसला.

खाणीतून आलेली कार्डं

मधल्या काळात एक वेगळंच संकट आलं. क्रिप्टोची खाणकामं, म्हणजे ग्राफिक कार्डांकडून दिवसरात्र गणितं करवून आभासी नाणी मिळवण्याचा धंदा. त्याने २०१७-१८ मध्ये एकदा आणि लॉकडाऊनच्या काळात दुसऱ्यांदा बाजारातली कार्डं उचलली. त्यात कारखान्यांना चिप मिळेनात. मुलांच्या शाळा कॉम्प्युटरवर भरत होत्या, आणि जुनी कार्डंही नव्याच्या भावाने विकली जात होती. टंचाई इतकी वाढली की २०२१ मध्ये एनव्हिडियाने २०१६ चं १०५० टीआय पुन्हा बाजारात सोडलं.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या नाण्याने आपली पद्धत बदलली आणि कार्डांची गरजच संपवली. खाणीतली कार्डं ढिगाने जुन्या बाजारात आली. त्यातली काही उत्तम आहेत, काही उकळून निघालेली. त्यांच्याबरोबर बनावट मालही फिरतो. जुन्या जीटीएस ४५० च्या चिपमध्ये खोटं नाव भरून तिला १०५० टीआय म्हणून विकतात. कॉम्प्युटरही तेच नाव दाखवतो. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर मात्र ही चोरी बहुतेक वेळा पकडतं आणि नावापुढे तसा शिक्का मारतं.

टेप काढला

आता भाच्याचं माप. त्या संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो, कॅबिनेट जमिनीवर आडवं ठेवलं आणि उघडलं.

बोर्ड एच-८१ चा. स्लॉट आहे, पण पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीचा. यावरून एक नाव बाद झालं. एएमडीचं आरएक्स ६४०० हे २०२२ चं कार्ड ५३ वॅटमध्ये चालतं, वायर लागत नाही. पण ते स्लॉटच्या १६ पैकी चारच पदऱ्या वापरतं. नव्या बोर्डावर ते खपून जातं, दुसऱ्या पिढीच्या स्लॉटवर रस्ताच अरुंद होतो. इंटेलचं आर्क ए-३८० ही बाद. त्याला रिसायझेबल बार नावाची सोय लागते, ती या वयाच्या बोर्डांत नसते.

एसएमपीएसला ग्राफिक कार्डाची वेगळी वायर नव्हती. म्हणजे ७५ वॅटची मर्यादा आली. मॉनिटरला मागे फक्त निळी व्हीजीए पिन. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०५० पासूनच्या कार्डांतून ॲनालॉग सिग्नल निघतच नाही, म्हणजे एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागणार. हा खर्च कुणी आधी सांगत नाही.

मग रॅम बघितली. ८ जीबीची एकच पट्टी, दुसरी जागा रिकामी. इथे माझं लक्ष अडकलं. प्रोसेसरमधलं स्वतःचं ग्राफिक्स, म्हणजे एचडी ४६००, कॉम्प्युटरचीच रॅम वापरतं. एका पट्टीवर त्याचा पन्हा सेकंदाला १२.८ जीबी. दोन पट्ट्या लावल्या की २५.६. त्यात प्रोसेसरचा वाटा असतो हे खरं, पण भाचा जे कार्ड साडेतीन हजारांना घेणार होता त्याचा पन्हा १४.४ आहे.

व्हॅलोरंटच्या कंपनीने स्वतःच जो तक्ता दिला होता त्यात ३० चित्रांसाठी एचडी ४०००, ६० साठी जीटी ७३० आणि १४४ साठी १०५० टीआय असं लिहिलेलं होतं. त्यामुळे भाचा अगदी चुकीचा नव्हता. त्याने तो तक्ता वाचूनच कार्ड शोधलं होतं. पण कुठलं ७३०, ते तक्त्यात नव्हतं. शिवाय त्या केप्लर चिपना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर मिळणं २०२१ मध्येच थांबलं आहे.

आम्ही आधी ९०० रुपयांची एक जुनी ८ जीबीची पट्टी घेतली. व्हॅलोरंट सगळं कमीवर ठेवून ६० च्या आसपास जाऊ लागला. तीन आठवडे तो त्यावर खेळला. काउंटर-स्ट्राइक २ मात्र रडतच होता. २०२३ मध्ये जुन्याच्या जागी आलेला हा गेम पहिल्यापेक्षा फार जड आहे.

मग कार्ड. मला १६५० हवं होतं. त्याची पिढी नवी आहे आणि ड्रायव्हर अजून येतात. पण आम्हाला दिसलेले भाव सहा-सात हजारांच्या घरात होते, आणि मग फीसाठी काहीच उरत नव्हतं. १०५० टीआयच्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने २०२५ मध्ये थांबवलं. म्हणजे हे कार्ड आज घेतलं तर आहे ते गेम चालतील, उद्याच्या गेमची खात्री नाही. हे मी भाच्याला स्पष्ट सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मामू, मेरेकू जो खेलना है वो तो आजच है."

नाशिकरोडला एका मुलाच्या घरी जाऊन, त्याच्याच मशीनवर लावून, जीपीयू-झेड उघडून आणि वीस मिनिटं गेम चालवून आम्ही १०५० टीआय बघितलं. नाव खरं होतं, तापमान ठीक, पडद्यावर रेघा नाहीत, पंखा थोडा किरकिरा. ४,२०० ला मिळालं. कन्व्हर्टर ३००. पट्टीचे ९०० धरून ५,४०० झाले. उरलेले १,८०० भाच्याने स्वतः आईच्या हातात दिले. फीला ते फारसे पुरणार नाहीत, हे तिलाही माहीत आहे आणि त्यालाही.

मी बरोबर केलं का, याची मला अजून खात्री नाही. माझ्या सल्ल्याने त्याने जेवढा खर्च करायचं ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त केला. साडेतीन हजारांचं ते कार्ड घेऊन दोन महिन्यांनी पस्तावला असता, तर धडा मिळाला असता, असं बहिणीचे मिस्टर म्हणतात. असेलही. पण तो धडा मी एकदा घेतला आहे आणि त्याची किंमत अब्बांनी मोजली होती.

कार्ड बसवायच्या दिवशी भाचा कॅबिनेटसमोर बसला होता. स्क्रू काढण्याआधी त्याने उठून शिलाई मशीनच्या खणातून टेप आणला आणि स्लॉटपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतचं अंतर मोजलं. कार्डाची लांबी आम्ही बघितलीच नव्हती. माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

दोन बोटं जागा उरली.